मांडवी ते मशीद बंदर : मागे हटलेल्या समुद्राचा नावांतून लागलेला माग

मशीद स्टेशनच्या पाटीवर 'मस्जिद' असं लिहिलेलं आहे, पण बोलताना जो तो 'मशीद बंदर' म्हणतो. पूर्वेच्या जिन्याने खाली उतरलं की बंदर म्हणण्यासारखं काहीच दिसत नाही. हातगाड्या, टेम्पो, सुक्यामेव्याची पोती, मिरचीचा ठसका आणि डोक्यावर ओझं घेऊन 'बाजू, बाजू' करत वाट काढणारे माथाडी. आणखी पूर्वेला गेलं की पी. डिमेलो रोड लागतो. तो ओलांडला की पोर्ट ट्रस्टची लांबलचक भिंत, भिंतीमागे गोदीचं आवार, आणि ते संपल्यावर कुठे पाणी. तरीही या टापूत चिंचबंदर आहे, दाणाबंदर आहे, कर्नाक बंदर आहे. उत्तरेला वाडीबंदर, दक्षिणेला बोरीबंदर. इतकी बंदरं, आणि यांतल्या बहुतेक नावांच्या जागी आज साधी होडीही लागू शकत नाही.

या लेखात मी हाच एक टापू प्रकरण म्हणून घेतला आहे. सरकारी कागदांत तो 'मांडवी' आहे, लोकांच्या तोंडी 'मशीद बंदर'. प्रश्न असा, की केवळ नावांच्या आधारे इथला जुना किनारा शोधता येतो का, आणि शोधताना कोणत्या नावावर किती विसंबायचं? माझं उत्तर असं आहे की शोधता येतो, आणि बराच नेमका शोधता येतो. मात्र एकेक नाव सुटं घेऊन त्याची गोष्ट सांगत बसलं तर हाती आख्यायिकाच लागतात. नावं शेजारपाजाऱ्यांसकट वाचावी लागतात, आणि ती कोणाच्या तोंडून निघाली हेही पाहावं लागतं.

एक खुलासा आधीच करतो. मुंबईच्या जुन्या नावांतलं 'बंदर' म्हणजे आजच्या अर्थाचं मोठं पोर्ट नव्हे. गलबतं, मचवे, पडाव जिथे काठाला लागत, जिथे माल आणि माणसं उतरत, ती प्रत्येक उतरण म्हणजे बंदर. त्यामुळे अर्ध्या-पाऊण कोसात पाच-सहा बंदरं असणं मुळीच नवलाचं नव्हतं.

पाणी कुठपर्यंत होतं

सात बेटांपैकी मुंबईचं बेट आणि माझगावचं बेट यांच्यामध्ये एक खाडी शिरत असे. तिची आठवण 'उमरखाडी' या नावात आहे. आज उमरखाडीत उभं राहिलं तर चहूबाजूंनी चाळी आणि इमारती आहेत, पण नावातली खाडी खरीच होती. पश्चिमेला थोडं पुढे पायधुणी. भरतीचं पाणी तिथवर पोचे, आणि ओहोटीला उथळ पाण्यातून आलेला माणूस तिथे पाय धुऊन पुढे जाई. १७८४ च्या सुमारास गव्हर्नर हॉर्नबीचा वेलार्ड, म्हणजे समुद्र अडवणारा बांध, पुरा झाला, वरळीकडून आत घुसणारी भरती थांबली आणि बेटांमधली खाजणं हळूहळू भरत गेली. उमरखाडी आणि पायधुणी ही दोन नावं जोडली की मांडवीच्या उत्तरेची आणि वायव्येची पाण्याची सीमा मिळते.

दक्षिणेला खूण होती ती डोंगरीची. 'डोंगरी' म्हणजे छोटा डोंगर, टेकाड. या टेकडीवर एक किल्ला होता, आणि इंग्रजांना तोच जाचू लागला, कारण टेकडी शत्रूच्या हाती पडली तर तिथल्या तोफांच्या माऱ्यात मुंबईचा मुख्य कोट सापडत होता. अखेर १७६९ मध्ये टेकडी सपाट करून तिथे फोर्ट जॉर्ज उभारला. पुढे १८६२ मध्ये तोही पाडला. आज त्या जागी सेंट जॉर्ज हॉस्पिटल आहे आणि त्याच्या नावात किल्ल्याचं नाव टिकलं आहे. म्हणजे ज्या टेकडीमुळे 'डोंगरी' हे नाव पडलं ती सीएसएमटीच्या अंगाला होती, आणि ज्या वस्तीला आज आपण डोंगरी म्हणतो ती तिच्या बरीच उत्तरेला आहे. टेकडी गेली आणि नाव शेजारच्या वस्तीला चिकटून राहिलं. या प्रकरणात अशी सरकलेली नावं आणखी भेटणार आहेत.

उत्तरेला खाडी, दक्षिणेला टेकडी आणि पूर्वेला वाऱ्यापासून आडोसा असलेलं खोल बंदर, अशा चौकटीत मांडवी वसली. कोळ्यांची वस्ती आधीपासून होतीच. मांडवी कोळीवाडा हे नाव आजही आहे.

मांडवी

मराठीत मांडवी म्हणजे जकात घेण्याची जागा. उतरलेल्या मालाची मोजदाद करायला, तो पावसापाण्यापासून झाकायला मांडव घालायचा आणि तिथेच दस्तुरी वसूल करायची, असा हा व्यवहार. रत्नागिरीला मांडवी आहे, बडोद्याला आहे, कच्छात तर मांडवी नावाचं नामांकित बंदरच आहे.

या शेवटच्या मांडवीमुळे एक समज रूढ झाला आहे : मुंबईत कच्छी व्यापारी आले आणि त्यांनी आपल्या गावाचं नाव इथे आणलं. ऐकायला हे पटतं, कारण या टापूत कच्छी लोहाणे, भाटिये, खोजे, मेमण, ओसवाल मोठ्या संख्येने आले हे खरंच आहे. पण त्यांची रीघ लागली ती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात. शिवाय जिथे जिथे माल उतरवून जकात घेतली जाई तिथे तिथे हे नाव आपोआप पडत गेलेलं दिसतं. ते कुठून उचलून आणायची गरजच नव्हती. माझ्या मते मुंबईची मांडवी ही मुंबईतल्याच जकातीची मांडवी. कच्छी व्यापाऱ्याला इथे आल्यावर ओळखीचं नाव कानावर पडलं असेल, त्याचा आनंदही झाला असेल, पण ते त्याने आणलेलं नाही.

मांडवीचा खरा विस्तार एका आगीमुळे झाला. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटाच्या आत मोठी आग लागली आणि देशी बाजाराचा बराच भाग खाक झाला. त्यानंतर कोटाबाहेर, मैदानापलीकडे वस्ती आणि बाजार वाढू द्यायचं धोरण जोरात राबवलं गेलं. व्यापाऱ्याला वखार हवी होती ती धक्क्याच्या जवळ, आणि कोटाबाहेर धक्क्याच्या सगळ्यात जवळ होती ती मांडवी. धान्य, साखर, मसाले, काथ्या, तेल, सगळं इथे येऊन बसलं.

घरजमिनीच्या कागदांत आजही 'मांडवी विभाग' असं लिहिलेलं असतं आणि त्यापुढे सर्व्हे नंबर. त्याच कागदावर पत्ता मात्र 'मशीद बंदर रोड' असा असू शकतो. एकाच पानावर महसुलाचं नाव आणि लोकांचं नाव शेजारी नांदतं. जागेचा इतिहास पाहणाऱ्याने सुरुवात अशा कागदापासूनच करावी.

झाडांची बंदरं आणि गव्हर्नरांची बंदरं

या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा मला बंदरांच्या नावांच्या जातीत दिसतो.

एक जात झाडांची. चिंचबंदर म्हणजे काठावर चिंच असलेली उतरण. बोरीबंदरबद्दल दोन मतं ऐकू येतात : बोरीच्या झाडांचं बंदर, किंवा बोऱ्यांचं म्हणजे पोत्यांचं बंदर. मी झाडाच्या बाजूचा आहे. मराठी माणूस पोत्याला पोतं किंवा गोण म्हणतो. 'बोरी' हा शब्द पोत्यासाठी त्याच्या तोंडी सहजी येत नाही, तो हिंदीच्या वळणाचा आहे. उलट बोरी म्हटलं की त्याला काटेरी झाडंच दिसतात. शिवाय शेजारीच चिंच उभी आहे. मुंबईभर पाहिलं तर अशा वृक्षनावांची रांगच आहे. चिंचपोकळी, फणसवाडी, भेंडीबाजार. या भेंडीबाजाराचीही 'बिहाइंड द बझार' अशी इंग्रजी व्युत्पत्ती कोणी तरी रचली आणि ती फार पसरली. इंग्रज कोटात राहत आणि बाजार त्यांच्या पलीकडे होता, एवढ्या आधारावर ती उभी आहे. भेंडीची झाडं रस्त्याच्या कडेला लावायची चाल होती, हे साधं कारण पुरेसं असताना एवढं लांब जायची गरज नाही.

होडी काठाला आणणाऱ्याला दुरून दिसणारी खूण हवी असते. कोळ्याला, तांडेलाला मोठं झाड हीच खूण. म्हणून झाडाच्या नावाचं बंदर म्हणजे बांधकाम नसलेली, निसर्गाने दिलेली जुनी उतरण, असं मी धरतो.

दुसरी जात गव्हर्नरांची. कर्नाक बंदर हे १८३९ ते १८४१ मध्ये गव्हर्नर असलेल्या सर जेम्स रिव्हेट कर्नाकच्या नावाचं. क्लेअर बंदर हे त्याच्याआधीच्या लॉर्ड क्लेअरचं, १८३१ ते १८३५ मधल्या गव्हर्नरचं. अशी नावं आपोआप पडत नाहीत. आधी भराव घालावा लागतो, दगडी धक्का बांधावा लागतो, त्याला मंजुरी लागते, आणि मग साहेबाचं नाव दिलं जातं. म्हणजे ही सगळी माणसाने बांधलेली बंदरं, आणि एकोणिसाव्या शतकातली.

आता दोन्ही जाती नकाशावर ठेवा. बोरी आणि चिंच आतल्या बाजूला, पश्चिमेला. कर्नाक बाहेरच्या बाजूला, पूर्वेला. त्याच्याही लगत भरावावरचा रस्ता, ज्याचं जुनं नाव फ्रिअर रोड. बार्टल फ्रिअर गव्हर्नर होता १८६२ ते १८६७. हाच रस्ता आज गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलो यांच्या नावाने ओळखला जातो. झाडांच्या नावांची रेघ म्हणजे जुना किनारा आणि गव्हर्नरांच्या नावांची रेघ म्हणजे भरावाची कड. दोन्हींच्या मधली जमीन समुद्राकडून घेतलेली. मला या टापूत हिंडताना आजही हेच गणित सर्वात उपयोगी पडतं.

रेल्वेनेही या रेघेला दुजोरा दिला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी बोरीबंदराहून ठाण्याला सुटली ती बंदराच्या काठावरून. स्टेशन तिथे ठेवण्याचं कारणच ते होतं : माल जहाजातून उतरावा आणि गाडीत चढावा.

मशीद कोणाची?

आता या टापूचं सर्वात प्रसिद्ध नाव. परका माणूस गृहीत धरतो की इथे मोठी मशीद असणार. या भागात मशिदी आहेतच, आणि मुसलमान व्यापाऱ्यांची वस्तीही जुनी आहे. पण इथली जुनी माणसं, विशेषतः बेने इस्रायल म्हणजे कोकणातल्या यहुदी घराण्यांतली, वेगळंच सांगत आली आहेत. ही मशीद म्हणजे यहुद्यांचं सिनेगॉग.

१७९६ साली सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी मांडवीत मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. त्याचं हिब्रू नाव शआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. हे दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत देशी अधिकारी होते. मैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत पडले, आणि सुटून आल्यावर नवस फेडावा तसं त्यांनी हे प्रार्थनास्थळ उभारलं, अशी कथा त्यांच्या समाजात सांगतात. त्यांचं मराठी वळणाचं नाव होतं समाजी हसाजी दिवेकर. या नावातच त्या समाजाची सगळी ओळख येते. बेने इस्रायल कोकणात शतकानुशतकं राहिले, तेल गाळण्याचा धंदा करत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून : दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर. घरात बोली मराठी.

मग त्यांनी आपल्या प्रार्थनास्थळाला काय म्हणावं? ते 'मशीद' म्हणत. मूर्ती नाही, लोक एकत्र जमून प्रार्थना करतात, अशा जागेला कोकणातल्या मराठी माणसाच्या बोलीत तो एकच शब्द तयार होता. पुढे दुसरं सिनेगॉग झालं तेव्हा पहिली 'जुनी मशीद' ठरली आणि दुसरी 'नवी मशीद'. याला जोड द्यायची तर पुण्याची देता येईल. डेव्हिड ससून यांनी लष्कर भागात बांधलेलं लाल विटांचं सिनेगॉग पुणेकर सर्रास 'लाल देऊळ' म्हणतात. दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळाला आपल्या बोलीतला जवळचा शब्द लावायचा, ही आपली रीतच आहे. मुंबईत फरक इतकाच, की इथे शब्द त्या समाजाने स्वतःच वापरला.

ही परंपरा किती भक्कम? माझ्या मते बऱ्यापैकी. सिनेगॉग ज्या रस्त्यावर आहे तो सॅम्युएल स्ट्रीट, आणि तो मशीद स्टेशनच्या अगदी जवळचा. त्याच टापूत 'इस्रायल मोहल्ला' हे नावही आहे. रस्ता, मोहल्ला आणि मशीद ही तीन नावं एकाच ठिकाणी एकाच समाजाकडे बोट दाखवतात. चिंच आणि बोर यांनी एकमेकांची साक्ष काढली तशीच ही साक्ष आहे. कोणाला झकेरिया मशिदीकडून या नावाचा उगम सांगावासा वाटतो, आणि या भागात ती मशीदही मानाची आहे. पण १७९६ मध्ये बांधलेलं प्रार्थनास्थळ, त्याच्या बांधणाऱ्याच्या नावाचा रस्ता आणि त्याच्या समाजाची 'मशीद' ही बोली, यांना एकत्र तोलल्यावर पारडं मला सॅम्युएल स्ट्रीटकडे झुकलेलं दिसतं.

म्हणूनच मला पाटीवरचं 'मस्जिद' खटकतं. बेने इस्रायलांच्या तोंडचा, कोकणी मराठीतला शब्द 'मशीद' होता. पाटीवरचं रूप हिंदी-उर्दूच्या वळणाचं आहे, आणि ते वाचल्यावर मूळ गोष्टीकडे जायचा दरवाजाच बंद होतो. माणूस पाटी वाचतो, अर्थ गृहीत धरतो आणि पुढे जातो. जिथे एक अक्षर नावाचा उगम सांगतं तिथे ते जपायला हवं.

गल्ल्या

बंदरांच्या नावांनी किनारा सांगितला, तर गल्ल्यांच्या नावांनी माल सांगितला. भातबाजार, खांडबाजार, काथाबाजार. भात म्हणजे तांदूळ, खांड म्हणजे साखर. काथा म्हणजे नारळाच्या सोडणाचा काथ्या, ज्याचे दोर गलबतांना लागत. काथाबाजार असणं हेच जवळ गलबतं असल्याचं लक्षण. वडगादीजवळ दरियास्थान स्ट्रीट आहे. लोहाण्यांचा देव दर्यालाल, त्याचं हे स्थान. समुद्रावर भरवसा ठेवून कच्छाहून आलेल्या माणसांनी मुंबईत पाय टेकल्यावर आपला दर्याचा देव बंदराजवळच बसवला. भातबाजारात केशवजी नाईक यांनी १८७६ मध्ये बांधलेलं दगडी कारंजं आणि वरचं घड्याळ आहे. ओझ्याच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांना आणि हमालांना पाणी मिळावं म्हणून ते बाजाराच्या ऐन मधोमध उभारलं.

या हमालांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. सातारा, पुणे, नगरकडून आलेली माणसं या गल्ल्यांतून पोती वाहत, आणि त्यांच्या कामाला ना वेळ होता ना हमी. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना उभी केली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. 'माथाडी' हा शब्द कायद्याच्या शीर्षकात गेला तो अशा बाजारांमधूनच.

पाणी दूर गेलं

१८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून भरावांची लाट उसळली. मांडवीसमोरचा समुद्र एल्फिन्स्टन कंपनीने भरायला घेतला. तेजी कोसळल्यावर सरकारने ती मालमत्ता ताब्यात घेतली आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक सुरू झाले. त्यानंतर जहाज येणार ते बंद दरवाजाच्या गोदीत, आणि मांडवीच्या दुकानदाराला समुद्र दिसणार तो भिंतीपलीकडे.

प्रिन्सेस डॉक खणताना एक विलक्षण गोष्ट उघडी पडली. चिखलाच्या थराखाली शेकडो झाडांचे बुंधे मिळाले, त्यांतले कित्येक मुळांसकट उभेच. लाकूड खैराचं होतं. म्हणजे जिथे गलबतं नांगरत होती तिथे फार पूर्वी जमीन होती, जंगल होतं, आणि नंतर ते पाण्याखाली गेलं. मांडवीचा किनारा एकदाच हललेला नाही. आधी समुद्र आत आला, मग माणसाने तो बाहेर ढकलला. नावांनी फक्त या दुसऱ्या हालचालीची नोंद ठेवली आहे.

बंदर दूर गेलं तरी बंदराची जोखीम मांडवीनेच सोसली. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीतल्या रोग्यांत गाठीचा प्लेग ओळखला. धान्याची कोठारं, उंदीर आणि खच्चून भरलेल्या चाळी एकाच ठिकाणी होत्या. पुढच्या काही महिन्यांत मुंबई ओस पडू लागली. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. ट्रस्टने दाट वस्तीतून हवा खेळावी म्हणून रुंद रस्ते काढले, त्यांतलाच एक सँडहर्स्ट रोड. त्या काळी गव्हर्नर होते लॉर्ड सँडहर्स्ट. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापूस आणि दारूगोळा भरलेलं 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं तेव्हाही शेजारच्या मांडवीने घरं आणि वखारी गमावल्या. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

माणसांबरोबर गेलेली नावं

काही नावं जागेवर थांबली नाहीत. भाऊचा धक्का म्हटलं की आज माझगावची फेरी, मासळीचा लिलाव आणि रेवस-मोऱ्याच्या लाँचा आठवतात. पण ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ (१७८९–१८५८) यांचा मूळ धक्का या चिंचबंदर-मांडवीच्या किनाऱ्यावर होता. भाऊ जातीने पाठारे प्रभू, कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात नोकरीला. कोकणातून येणाऱ्या उतारूंना चिखलातून उतरावं लागे, ते पाहून त्यांनी भराव घालून धक्का बांधला. गोद्या झाल्या, किनारा सरकला, कोकणच्या बोटी उत्तरेला गेल्या आणि नावही त्यांच्याबरोबर गेलं. आजच्या धक्क्यावरून जुना किनारा शोधायला निघालेला माणूस फसणार. नाव अस्सल आहे, फक्त जागा बदलली आहे.

दाणाबंदराचं तर आणखी पुढचं. १९८० आणि ९० च्या दशकांत मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने नवी मुंबईला, वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात हलले. धान्याचे व्यापारी गेले, त्यांच्याबरोबर माथाडी गेले, आणि दाणाबंदर हे नावही गेलं. वाशीचा धान्यबाजार आज 'दाणाबंदर' म्हणूनच ओळखला जातो. तिथे बंदर कधीच नव्हतं. दोनशे वर्षांनी कोणी केवळ नावावरून तिथे गलबतांची उतरण शोधू लागला तर त्याचा दोष नसेल. म्हणून मी प्रत्येक नावाला आधी विचारतो, तू इथलंच की कोणाबरोबर आलेलं? झाडांची नावं इथलीच असतात, कारण झाड उचलून नेता येत नाही. धंद्याची आणि माणसाची नावं चालत जातात.

बदलताना काय नोंदवावं

गेल्या काही वर्षांत या टापूतली नावं झपाट्याने बदलत आहेत. १८६८ चा कर्नाक पूल धोकादायक झाला म्हणून पाडला, आणि नवा पूल जुलै २०२५ मध्ये 'सिंदूर पूल' म्हणून सुरू झाला. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केलं गेलं ते याच कर्नाकच्या कारकिर्दीत. त्याचं नाव पुलावर राहू नये असं वाटणं मला समजतं आणि पटतंही. मात्र कर्नाक हे नाव भरावाच्या रेघेचा कालनिर्देश आहे. ते पुलावरून उतरलं तरी नोंदीतून उतरता कामा नये.

राज्य सरकारने २०२४ मध्ये आठ स्थानकांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला, त्यात सँडहर्स्ट रोडचं 'डोंगरी', डॉकयार्ड रोडचं 'माझगाव', कॉटन ग्रीनचं 'काळाचौकी' असे बदल आहेत. ही नावं लोकांच्या तोंडची आहेत आणि ती पाट्यांवर यावीत हे योग्यच. माझं म्हणणं पाटीच्या शेजारच्या जागेबद्दल आहे. डोंगरी स्टेशनात दोन ओळी लिहाव्यात : टेकडी दक्षिणेला, आजच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या जागी होती आणि ती १७६९ मध्ये सपाट केली गेली. सँडहर्स्ट रोड प्लेगनंतर काढलेला, म्हणून त्या वेळच्या गव्हर्नरचं नाव त्याला मिळालं. चिंचबंदरात एक फलक असावा, की गलबतं इथे लागत आणि इथून पूर्वेची सगळी जमीन भरावाची. मशीद स्टेशन त्या आठांच्या यादीत नव्हतं, त्याचं नाव बदलायचं कारणही नाही. तिथे देवनागरी पाटीवर 'मशीद' असं लिहावं, आणि खाली समाजी हसाजी दिवेकर यांचं नाव व १७९६ हे साल.